साईंचे जन्मस्थान, सोयाबीन आणि बातमीतले ककार

काय, कोण, कुठे, कधी, का, कसे. नव्या बातमीदाराला हे सहा ककार पहिल्याच दिवशी सांगितले जातात. पहिल्या चारांची उत्तरे इंट्रोमध्ये, म्हणजे बातमीच्या सुरुवातीलाच हवीत, कारण पानावर जागा कमी पडली की बातमी खालून कापली जाते. हे पाठ करणे सोपे आहे. पण साधा ‘कुठे’सुद्धा किती जड जातो, ते जानेवारी २०२० मध्ये परभणी जिल्ह्यातल्या पाथरीच्या बातमीत दिसले.

तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी औरंगाबादच्या आढावा बैठकीत पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी रुपये जाहीर केले आणि बोलताना पाथरीला साईबाबांचे जन्मस्थान म्हटले. कोण, काय, कधी, सगळे स्वच्छ होते. वाद पेटला तो बाबा जन्मले कुठे, यावर. बाबांनी आपला जन्म, जात, धर्म कधी सांगितला नाही, असे शिर्डीकरांचे म्हणणे. हेमाडपंतांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’तही त्यांचे आईवडील आणि जन्मगाव अज्ञातच आहे. पाथरीकर आपल्या दाव्यावर ठाम होते. १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली. समाधी मंदिर तेवढे उघडे होते. दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्र्यांना शिर्डीकरांशी मुंबईत बोलावे लागले.

‘साईंच्या जन्मस्थानाला १०० कोटी’ असा मथळा दिला की त्या दाव्याखाली वर्तमानपत्राची सही होते. ‘मुख्यमंत्री म्हणाले’ हे दोन शब्द तिथे फार मोलाचे. म्हणून ‘कोण’ दोनदा विचारावा, असे मला ठामपणे वाटते: कोणी केले, आणि कोण सांगतो?

परभणीच्या बातमीला आणखी एक ककार लागतोच, तो म्हणजे किती. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की सरकारदरबारी ती अतिवृष्टी. शेजारच्या दोन मंडळांतही आकडा वेगळा असू शकतो. ‘जिंतूर तालुक्यात धुवाधार’ एवढे वाचून, सोयाबीन पाण्यात गेलेल्या शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही. कोणते मंडळ, कोणती तारीख, किती मिलिमीटर आणि नोंद कोणाची, हे छापून आले तर ते कात्रण घेऊन तो तलाठ्याला विचारू शकतो, की आमच्या शिवाराचा पंचनामा कधी?