पात्र, अपात्र आणि 65 मिलिमीटर

पेरेपत्रक, आणेवारी आणि पावसाची नोंद. यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस तालुक्यातून वर जाणारी शेतीची माहिती बरीच वर्षे एवढीच होती. तलाठ्याने लिहायचे, तहसीलमार्गे ते यवतमाळला जायचे.

2006 मध्ये मात्र शासनाचे लोक थेट उंबऱ्यावर आले. यवतमाळसह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत 17 लाख 64 हजार शेतकरी कुटुंबांची पाहणी झाली. कर्ज किती, मुलीचे लग्न अडले आहे का, घरात कुणी गंभीर आजारी आहे का? चारातली जवळपास तीन कुटुंबे विवंचनेत निघाली. 

माहिती घराघराची होती, पैसा मात्र योजनांच्या वाटेने गेला. 1 जुलै 2006 रोजी जाहीर झालेल्या पंतप्रधान पॅकेजच्या 3,750 कोटींपैकी 2,177 कोटी सिंचनाचे, 712 कोटी थकीत व्याजाचे. अडलेल्या कुटुंबांना थेट मदतीसाठी प्रत्येक जिल्ह्याच्या वाट्याला 50 लाख! शिवाय अनुदानावर दुधाळ जनावरे वाटली. चारा कुठून आणायचा, हे ज्याचे त्याने बघायचे.

शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाखाच्या मदतीला तीन कसोट्या होत्या: नापिकी, कर्जबाजारीपणा, परतफेडीचा तगादा. प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’, हे जिल्हा समिती ठरवी. सातबारावर नाव नसलेली बाई, ठोक्याने शेती करणारा, सावकाराचा ऋणको हे त्या रकान्यांत बसवणे अवघडच. मला यातली सर्वांत मोठी चूक हीच वाटते: जे मोजायला सोपे, तेच दुःख धरले गेले.

2015 मध्ये यवतमाळ आणि उस्मानाबादसाठी शेतकरी आत्महत्या रोखण्याचे बळीराजा चेतना अभियान आले, तेव्हा गावसमितीच्या हाती थोडा निधी दिला गेला. कोणाच्या घरी चूल पेटत नाही, हे गावाला तक्त्याशिवाय ठाऊक असते, एवढे तरी मान्य झाले.

15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी आली. शेतकरीच बांधावरून मोबाइल ॲपवर पिकाचा फोटो टाकू लागला, रेंज असेल तर. पाऊस महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर मोजला जाऊ लागला. 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त झाला, की त्या मंडळात अतिवृष्टी धरतात. यंत्र एका गावात आणि ढग फुटतो दुसऱ्याच शिवारात, तेव्हा कपाशी, सोयाबीन पाण्याखाली असूनही आकडा कोरडाच राहतो. मग पंचनाम्यासाठी अर्ज करायचा आणि तलाठ्याची वाट बघायची.