आठवण खोटी, त्रास मात्र खरा

"गाडगेबाबांचे कीर्तन मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले," असे वऱ्हाडातील एखादे गृहस्थ ठामपणे सांगतात. पण त्यांचा जन्म १९५५ चा असेल तर? बाबांचे निर्वाण २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ झाले. तीन वर्षांच्या आतले प्रसंग मोठेपणी सहसा आठवत नाहीत. मग हे गृहस्थ खोटे बोलतात का? नाही. वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले चित्र त्यांना स्वतःचेच वाटू लागते. मेंदू म्हणजे टेपरेकॉर्डर नव्हे. आठवण तो दर वेळी नव्याने जुळवतो.

१९९५ साली अमेरिकेत लॉफ्टस व पिकरेल यांनी २४ जणांना 'लहानपणी तुम्ही बाजारात हरवला होता' असे खोटेच सांगितले. त्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला ते थोडेफार 'आठवले'!

घटना घडलेली नसते. पण भीती, दुःख, छातीतली धडधड खरी असते. स्मृतिभ्रंशात हे फार जाणवते. पाटल्या कुठे ठेवल्या हे आजी विसरतात, मन ती रिकामी जागा भरते आणि "सुनेनेच घेतल्या" असे त्या म्हणतात. अशा वेळी आजींना खोटारड्या ठरवू नये. सुनेलाही चोर समजू नये. वाद न घालता धीर द्यावा, वस्तू सोबत शोधावी. "अमकीनेच घेतली ना?" असे सुचवणारे प्रश्न टाळावेत.

विसर वाढत असल्यास डॉक्टरांना जरूर दाखवावे. थायरॉईडचा विकार किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे कारण असल्यास उपचाराने फरक पडू शकतो.