चाळिशी आणि चिमटा



मागच्या पावसाळ्यांत मी एका लढाऊ विमानाची प्रतिकृति जुळवीत बसलों होतों. पुढच्या चाकाचा दांडा, तांदळाच्या दाण्याएवढा, मीं चिमट्यांत धरला, डोळ्यांजवळ आणला, दिसेना म्हणून थोडा दूर नेला, आणि तेवढ्यांत तो टिचकी मारावी तसा उडाला. पुढें दोन दिवस त्याचा शोध चालला. सतरंजी झाडली, केर चाळणीनें चाळून पाहिला. दांडा मिळाला नाहीं. पेटी बंद करून माळ्यावर ठेवतांना मनांत जो विचार आला, तो माझ्या वयाच्या पुष्कळ मंडळींच्या मनांत येऊन गेला असेल: आतां हें पुरे. माझ्या एका स्नेह्यांनीं तर आपल्या सर्व न जुळवलेल्या पेट्या शेजारच्या मुलांना वांटून टाकल्या, आणि मग वर्षभर संध्याकाळच्या वेळीं काय करावें हें त्यांना कळेना.

ज्यांना या छंदाची ओळख नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. खरें विमान, जहाज किंवा आगगाडी ठराविक प्रमाणांत लहान करून तिचे भाग प्लॅस्टिकमध्यें ओतलेले असतात. ते चौकटीपासून कापावयाचे, कानशीनें व काचकागदानें घासावयाचे, जोडावयाचे आणि रंगवावयाचे. विमानांचे असे प्लॅस्टिकचे संच इंग्लंडमध्यें १९३६ सालीं ‘फ्रॉग पेंग्विन’ या नांवानें विक्रीस आले. त्यांचें प्रमाण १:७२ होतें. म्हणजे सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा व्हावा. वैमानिकाचें डोकें या हिशेबानें इंचाच्या आठव्या भागाएवढें होतें. त्यावर डोळे रंगवणें हें विशीच्या हाताला जमतें. साठीच्या हाताला कां जमत नाहीं, आणि न जमल्यानें खरोखर काय बिघडतें, हाच आजचा विषय आहे.

प्रथम डोळा घेऊं. बुबुळाच्या मागें जें नैसर्गिक भिंग आहे तें बालपणीं लवचिक असतें. जवळचें पाहतांना तें फुगीर होतें, आणि म्हणून दहा वर्षांच्या मुलाला नाकापुढें तीन इंचांवर धरलेली वस्तुही स्वच्छ दिसते. वयाबरोबर हें भिंग ताठर होत जातें. चाळिशीच्या सुमारास वर्तमानपत्र लांब धरावें लागतें, (आपल्या भाषेनें तर त्या चष्म्यालाच चाळिशी हें नांव देऊन टाकलें आहे!), आणि साठीला उघड्या डोळ्याची जवळची सीमा सुमारें तीन फुटांवर जाऊन बसते. हा रोग नव्हे. केस पिकण्यासारखाच हा वयाचा एक क्रम आहे.

पण येथें एक साधी गोष्ट आपल्या ध्यानांत येत नाहीं. वाचनाचा चष्मा हा पुस्तकाच्या अंतरासाठीं, म्हणजे साधारण सोळा इंचांसाठीं केलेला असतो. प्रतिकृति करणारा माणूस आपला तुकडा दहा-बारा इंचांवर धरतो. त्या अंतरावर हा चष्मा अपुरा पडतो, आणि आपण मात्र डोळे गेले म्हणून कपाळावर हात मारतों. ज्याला लांबचा नंबर नाहीं अशा साठीच्या माणसाला सोळा इंचांसाठीं अडीच नंबर पुरतो; दहा इंचांसाठीं चार लागतो. तेव्हां नेहमीप्रमाणें कामाला बसावें, घरांतल्या कोणाकडून तरी डोळ्यापासून हातांतल्या कामापर्यंतचें अंतर फितीनें मोजून घ्यावें, आणि तो आंकडा चष्मा करून देणाऱ्याला सांगावा. एकाच कांचेंत वर लांबचा आणि खालीं जवळचा नंबर असलेला चष्मा या कामाला सोयीचा नाहीं. त्याचा जवळचा भाग चिंचोळा असतो, व मान सारखी वर करून बसावें लागतें.

चष्म्यानंतर भिंग. डोक्यावर पट्ट्यानें बसणारें, दोन्ही डोळ्यांचें भिंग सर्वांत उपयोगी. घड्याळजी एका डोळ्याला लावतात तें भिंग तपासणीला उत्तम, परंतु दोन तुकडे जुळवावयाचे असले तर खोलीचा अंदाज दोन डोळ्यांनींच येतो. बाजारांत गेलें कीं जास्तींत जास्त मोठें दाखवणारें भिंग घेण्याचा मोह होतो, आणि तेथेंच बहुतेक जण फसतात. पावणेदोनपट दाखवणाऱ्या भिंगाखालीं काम सुमारें चौदा इंचांवर धरतां येतें. अडीचपटाला तें आठ इंचांवर येतें, आणि साडेतीनपटाला चार इंचांवर! चार इंचांत ब्रशाची दांडी भिंगावर आपटते, आणि मान किंचित् हलली तरी सारें चित्र धूसर होतें. मीं स्वतः साडेतीनपटाचें भिंग हौसेनें घेतलें. आतां तें फोडांतले कांटे काढण्यापुरतें घरांत वापरतात. पावणेदोन ते अडीचपट यांतच काम होतें.

भिंगाहूनही उजेडाचें महत्त्व मोठें आहे, हें मला फार उशिरां कळलें. उतारवयांत बाहुली लहान होते आणि भिंग पिवळें पडतें. त्यामुळें साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या डोळ्याच्या मानानें सुमारें एक तृतीयांश उजेडच पोंचतो. म्हणजे तरुणपणीं ज्या एका दिव्याखालीं आपण काम करीत होतों, तेथें आतां तिप्पट उजेड हवा. मात्र तो डोळ्यांत येतां कामा नये, कारण म्हाताऱ्या डोळ्याला चकाकी अधिक बाधते. डाव्या-उजव्या बाजूंना एक एक, झांकण असलेले असे दोन दिवे ठेवावे. एकाची सावली दुसरा पुसतो. करड्या प्लॅस्टिकचा तुकडा करड्या मेजावर कोणालाच दिसावयाचा नाहीं. खालीं एक काळा आणि एक पांढरा असे दोन पुठ्ठे ठेवून तुकड्याच्या रंगाप्रमाणें ते बदलावे. या उपायाला खर्च कांहींच नाहीं, आणि फरक मात्र नव्या चष्म्याएवढा पडतो.

रंगांची गोष्ट थोडी निराळी आहे. पिवळ्या पडलेल्या भिंगांतून निळ्या-जांभळ्या छटा मंद दिसतात. गडद निळा आणि काळा यांतला भेद कळेनासा होतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांना मोतीबिंदूनें असेंच ग्रासलें होतें, आणि १९२३ सालीं त्यांच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. आपण तर नुसतीं विमानें रंगवतों. बाटलीवरचें नांव वाचावें, शंका आल्यास दिवसाच्या उजेडांत पाहावें, आणि घरांतल्या तरुण डोळ्यांना विचारण्यांत कमीपणा मानूं नये. एक सूचना मात्र गांभीर्यानें करतों. एक डोळा झांकून पाहतांना सरळ पट्टी किंवा पंखाची कड मध्येंच वांकडी वा लाटेसारखी दिसूं लागली, तर ती भिंगाची गोष्ट नव्हे. दृष्टिपटलाच्या मध्यभागीं बिघाड झाला असण्याचा संभव असतो. विलंब न करतां नेत्रवैद्याकडे जावें.

आतां हात. हात कोणाचा कांपत नाहीं? निरोगी तरुणाचा हातही सेकंदाला आठ ते बारा वेळां सूक्ष्मपणें थरथरत असतो. थकवा, राग, थंडी, कडक चहा-कॉफी आणि दम्यावरचीं कांहीं औषधें यांनीं ही थरथर वाढते. ती एकाएकीं वाढली, किंवा हात मांडीवर स्वस्थ पडलेला असतांनाही होऊं लागली, तर वैद्याला दाखवावें. पण नेहमीच्या कंपाविषयीं विचार करण्याची आपली रीतच चुकते असें मला वाटतें. हात कांपतो याला स्वतःचें असें महत्त्व नाहीं; ब्रश आणि वस्तु यांच्यांतलें अंतर कांपतें, हें खरें दुःख आहे. दोन्ही एकत्र कांपलीं तर रेघ सरळच येते. म्हणून उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताला किंवा वस्तूलाच टेकवावी, मनगटें एकमेकांना भिडवावीं, कोपरें मेजावर ठेवावीं. अधांतरीं धरलेला लांब हात हा तरफेसारखा असतो. खांद्यापाशीं झालेली बारीकशी हालचाल बोटाच्या टोंकाशीं मोठी होते. घड्याळजीचें मेज छातीपर्यंत उंच असतें तें उगीच नव्हे. मीं आपल्या मेजाच्या पायांखालीं सहा इंचांचे ठोकळे घातले, आणि हाताबरोबर मानेचेंही दुखणें कमी झालें.

तुकडे उडतात कां, याचेंही उत्तर येथेंच आहे. वयाबरोबर बोटांच्या टोंकांची स्पर्शशक्ति मंदावते, आणि पकड पुरेशी आहे कीं नाहीं हें नीट न कळल्यामुळें आपण गरजेहून जास्त दाबतों. चिमट्याचीं टोंकें जास्त दाबानें वांकतात आणि मधला तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. यावर उलटा चिमटा हा नामी उपाय. तो दाबल्यावर उघडतो व सोडल्यावर आपल्याच ताणानें पकडतो. बोटांना धरून ठेवण्याचें कामच उरत नाहीं. अगदीं बारीक तुकड्यासाठीं काडीच्या टोंकाला मेणाची गोळी लावावी. ब्रशाच्या दांडीवर कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड केली कीं बोटें कमी आवळावीं लागतात. आणि युरोपांतले सोनार आपल्या मेजाखालीं सोन्याचा कीस पडावा म्हणून चामड्याची झोळी बांधतात, तसें आपण एक जुनें धोतर मेजाच्या कडेला आणि आपल्या कमरेला बांधावें. पडलेला तुकडा झोळींत सांपडतो. हें मला त्या दांड्यापूर्वीं सुचावयास हवें होतें.

जेथें घाई करावी लागते तेथें म्हातारा हात हरतो, आणि जेथें वेळ मिळतो तेथें तो तरुणालाही मागें टाकतो. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट जातीचा डिंक कांहीं सेकंदांत घट्ट होतो. तुकडा तिरपा बसला कीं बसला. त्यापेक्षां प्लॅस्टिक किंचित् विरघळवून जोडणारा पातळ द्राव बरा. भाग आधीं नीट जुळवून धरावे आणि मग सांध्याला नुसतें ब्रशाचें टोंक लावावें. द्राव आपोआप फटींत ओढला जातो. (खिडकी मात्र उघडी ठेवावी.) विमानाचें काचेचें छत बसवण्यास सुताराचा पांढरा डिंक वापरावा, चुकलें तर ओल्या फडक्यानें पुसून पुन्हां बसवतां येतें. रंगाच्या सरळ कडेसाठीं हातावर विसंबूंच नये. कांचेवर पट्टीच्या आधारानें कापलेली चिकटपट्टी लावावी आणि मग रंग द्यावा. पातें बोथट होतांच बदलावें, कारण बोथट पात्याला जोर लागतो आणि जोर लावला कीं तें निसटतें. रक्त पातळ ठेवणारीं औषधें घेणारांनीं तर याविषयीं विशेष जपावें.

एवढें करूनही १:७२ हें प्रमाण जड जात असेल, तर प्रमाण बदलावें. यांत कित्येकांना जागेची अडचण वाटते. पण प्रमाण मोठें घ्यावें आणि विमान लहान निवडावें, म्हणजे प्रश्न सुटतो. १९६५ च्या युद्धांत आपल्या वायुदलांत नांव मिळवलेलें नॅट विमान पंखाच्या एका टोंकापासून दुसऱ्यापर्यंत अवघें बावीस फूट आहे. १:७२ प्रमाणांत तें पावणेचार इंचांचेंही होत नाहीं. १:३२ मध्यें तें सव्वाआठ इंचांचें होतें, आणि वैमानिकाचें डोकें पाव इंचाहून मोठें. याउलट डाकोटा १:७२ मध्येंच सोळा इंच फळी अडवतें. आगगाडीवाल्यांचेंही असेंच. पुण्याच्या जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयांत दिसतें तें १:८७ प्रमाण ज्यांना झेपत नाहीं, ते रुळांची रुंदी ४५ मिलिमीटर असलेल्या बागेंतल्या गाडीकडे वळतात. आणि प्रमाणांत पावित्र्य असें कांहीं नाहीं! रणगाड्यांचें जगभर रूढ झालेलें १:३५ हें प्रमाण जपानच्या तामिया कंपनीनें १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत काढलें, तें आंत विजेऱ्या आणि मोटार मावावी म्हणून.

शेवटीं एक हिशेब सांगतों. तो केल्यापासून माझ्या मनावरचें ओझें बरेंच उतरलें. १:७२ ची प्रतिकृति एका फुटावरून पाहणें म्हणजे खरें विमान बहात्तर फुटांवरून पाहणें. निकोप डोळ्याला बहात्तर फुटांवरून पाव इंचाहून बारीक तपशील वेगळा ओळखतां येत नाहीं. म्हणजे ज्या खिळ्यांच्या डोक्यांसाठीं आपण डोळे फोडून घेतों, तीं खऱ्या विमानावर त्या अंतरावरून कोणालाही दिसलीं नसतीं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, अमेरिकेच्या आरमारानें शाळकरी मुलांकडून १:७२ प्रमाणाच्या पांच लक्ष लांकडी विमानांची मागणी केली होती, सैनिकांना शत्रूचें विमान ओळखतां यावें म्हणून. त्यांवर ना खिळे होते, ना वैमानिकाचे डोळे. नुसता आकार बिनचूक असावा आणि रंग काळा, एवढीच अट होती. पस्तीस फुटांवर धरलें कीं तें जवळजवळ अर्ध्या मैलावरचें विमान वाटे.

माझ्या त्या स्नेह्यांनीं गेल्या दिवाळींत एक मोठ्या प्रमाणाचा रणगाडा आणला. सूचनापत्रकाचीं छायाचित्रें नात फोनवर घेऊन देते, आणि ते तीं बोटांनीं मोठीं करून पाहतात. सकाळीं चहाच्या आधीं पाऊण तास, त्याहून अधिक नाहीं, असा त्यांचा नियम आहे. पेटी उघडून पांच महिने झाले. पट्ट्यांच्या कड्या अजून चालल्या आहेत.

मींही माळ्यावरची ती पेटी खालीं काढली. हरवलेल्या दांड्याऐवजीं टाचणीची तार कापून बसवली. ती केसभर आंखूड झाली असावी, कारण विमान नाकाकडे किंचित् झुकलेलें दिसतें. घरांत अजून तें कोणाच्या लक्षांत आलेलें नाहीं.