दलालाला परवाना लागतो का?

परवा सांजच्याला एक शेतकरी माझ्याकडे आले. मुलीच्या लग्नासाठी दीड एकर जमीन विकायची होती. एक दलाल त्यांच्या दाराशी चकरा मारीत होता.

ते म्हणाले, "गुरुजी, आता दलालाला सरकारात नाव नोंदवावं लागतं म्हणे. मी नंबर विचारला, तर तो हसला. म्हणतो, मला लागतच नाही. खोटं बोलतोय ना?"

मी म्हणालो, "नाही. खरं बोलतोय. म्हणूनच जपून राहा."

त्यांना नवल वाटले. तुम्हालाही वाटेल. म्हणून नीट सांगतो.

२०१६ साली आपल्या देशात एक कायदा झाला. लोक त्याला 'रेरा' म्हणतात. घरे बांधून किंवा प्लॉट पाडून विकणाऱ्यांवर वचक बसावा, म्हणून तो केला. आपल्या राज्यात २०१७ सालापासून त्याचा कारभार 'महारेरा' पाहते. बिल्डरला आपले काम तिथे नोंदवावे लागते. अशा नोंदलेल्या कामातले घर किंवा प्लॉट विकून देणारा जो दलाल, त्यालाही आपले नाव नोंदवावे लागते. आता तर त्यासाठी परीक्षाही आहे. दलालाची परीक्षा! आमच्या वेळी मास्तरकीलाच परीक्षा असे. नाव न नोंदवता असली दलाली केली, तर रोजचा दहा हजार रुपये दंड. तो वाढत वाढत त्या मिळकतीच्या किमतीच्या शेकडा ५ पर्यंत जाऊ शकतो.

मग सुटतो कोण? मेख आहे ती 'नोंदलेले काम' या शब्दांत. शेतजमीन शेतीसाठीच एकाने दुसऱ्याला विकली, तर त्यात बिल्डरचे काम आलेच नाही. तिथल्या दलालाला हा कायदा लागत नाही. गावातले जुने घर विकताना तसेच. बांधकामाची जागा ५०० चौरस मीटरच्या आत असेल, म्हणजे सुमारे पाच गुंठे, किंवा घरे आठापेक्षा जास्त नसतील, तर त्या कामाला नोंदणीची सक्ती नाही. मग त्याच्या दलालालाही नाही. आपली मिळकत आपणच विकणारा मालक दलाल होत नाही. मामाने पैसा न घेता गिऱ्हाईक आणून दिले, तर मामाही दलाल नव्हे. दलाली घेतली की मात्र दलाल. मग तो स्वतःला एजंट म्हणवो, नाहीतर मध्यस्थ.

पण तीच दीड एकर कोणी घेतली, शहराच्या नियोजनाच्या हद्दीत तिचे प्लॉट पाडले आणि विकायला काढले, तर नोंदणी आली. तिथे नंबर विचारायचाच.

आता जपून का राहायचे? नोंदलेल्या दलालाने फसवले, तर महारेराकडे तक्रार करता येते. सुटलेल्या दलालाविरुद्ध ती वाट नाही. राहिले पोलीस आणि कोर्ट. कोर्टाची पायरी तुम्ही जाणताच.

म्हणून त्यांना सांगितले, दलाली किती आणि ती केव्हा द्यायची, हे आधी कागदावर घ्या. शेकडा एक म्हणून सुरुवात होते आणि शेवटी तीन मागतात. इसाराची रक्कम बँकेतून घ्या, दलालाच्या हातून नको. कुलमुखत्यारपत्र त्याला देऊ नका. ते दिले, म्हणजे तुमची सही त्याच्या खिशात गेली. घेणारा कोण, ते डोळ्यांनी पाहा. काही दलाल मालकाला एक भाव सांगतात, गिऱ्हाइकाला दुसरा. मधला पैसा दोघांनाही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी ते दलालाने दिलेला कागद घेऊन आले. म्हणाले, "गुरुजी, मीच वाचला. अडखळत वाचला, पण वाचला. यात घेणाऱ्याचं नावच नाही."

ते साठेखत होते. नावाची जागा कोरी होती. खाली सहीसाठी फुली मारून ठेवली होती.

"आधी नाव भरून आण म्हणावं," मी म्हणालो.