रस्त्यात मेलेले सांबर

गेल्या नोव्हेंबरातील एका रविवारी दुसरी मिस्सा आटोपून मी घरात पाऊल टाकतो तोच स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी एक स्टीलचा डबा माझ्यापुढे आणून ठेवला. झाकणावर केळीचे पान बांधलेले होते. आपल्या धर्मग्रामातील एका घरून दहा-बारा वर्षांचा मुलगा तो देऊन गेला होता. सणावाराला कोंबडी कापली की पहिली वाटी पाद्रीबाबांच्या घरी पोहोचविण्याची त्या घरची जुनी रीत. परंतु त्या दिवशी सण नव्हता, आणि डब्यातील मांस कोंबडीचेही नव्हते. रंग काळपट तांबडा, चरबीचा मागमूस नाही. मावशींनी एकदाच वास घेतला आणि म्हणाल्या, "फादर, ही शिकार आहे."

मुलगा अजून फाटकापाशी सायकल लावून उभा होता. त्याला बोलावून विचारले. त्याने काही लपविले नाही. "काल राती सांबर पडलं होतं रस्त्यात. टेंपोनं उडवलं. आमी मारलं न्हाई फादर, मेलेलंच होतं."

"मेलेलंच होतं" हे दोन शब्द गेली कित्येक वर्षे मी निरनिराळ्या तोंडून ऐकत आलो आहे, आणि खरे सांगायचे तर त्यांवर मी कधी फारसा विचार केला नव्हता. ज्यांची घरे रानाच्या कडेला आहेत अशा वाचकांना हा प्रसंग नवा नाही. बेळगावहून खानापूर, लोंढा, अनमोड असा घाट उतरून मोल्याला जाणारा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांच्या नित्याच्या वाटेवर आहे. पूर्वी त्याला '४ अ' म्हणत, आता त्याचा क्रमांक ७४८ आहे. या मुलखात एका बाजूला २०११ साली घोषित झालेले भीमगड अभयारण्य, आणि घाटाखाली गोव्याच्या हद्दीत भगवान महावीर अभयारण्य. सांबर, चितळ, भेकर, पिसोरी, गवा, रानडुक्कर या सर्वांच्या वाटा माणसाने रस्ता बांधण्याच्या कितीतरी आधीपासून त्या जागेवरून जात आल्या आहेत. रस्ता रुंद झाला, वाहनांचा वेग वाढला. जनावराला त्याची वार्ता कोणी दिली?

हरणाच्या जातीचे प्राणी बहुधा संध्याकाळी आणि पहाटे हालचाल करतात. नेमक्या त्याच वेळी बाजारातून परतणारे, पहाटेची गाडी गाठणारे आणि दूधवाले रस्त्यावर असतात. पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला झाडी तोडलेली असल्याने कोवळे गवत तेथेच अधिक फुटते; उन्हाळ्यात पाणी शोधत कळप खाली येतात; आणि हिवाळ्याच्या तोंडी सांबराचा माजाचा काळ येतो, तेव्हा शिंगाळा नर कशाचेही भान न ठेवता धावत सुटतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन २०० किलोंहून अधिक भरते. हा एवढा देह मोटारसायकलवर आदळला तर कोण वाचेल, याचा हिशेब करावयास नको.

दिव्याच्या झोतात हरीण पळून न जाता थिजून उभे का राहते, असे मुले नेहमी विचारतात. अंधारात पाहता यावे म्हणून त्याच्या डोळ्याच्या पडद्यामागे प्रकाश परतविणारा एक थर असतो. त्यामुळेच रात्री त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. मंद चांदण्यासाठी घडविलेल्या अशा डोळ्यांवर मोटारीचा प्रखर झोत एकाएकी पडला की त्याला काहीच दिसेनासे होते, आणि दिसत नाही तेथे पाऊल टाकावयाचे नाही हा त्याचा रानातला शहाणपणा त्याच्या जिवावर उठतो.

चालविणाऱ्यांनी थोडे गणितही ध्यानात ठेवावे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर सुमारे २६ मीटरांत उभी राहते. ६० च्या वेगाला सुमारे ४५ मीटर लागतात, ८० ला जवळजवळ ७०. खाली पाडलेल्या दिव्यात ४०-५० मीटरांपलीकडचे नीट दिसत नाही. म्हणजे रात्री घाटात ८० च्या वेगाने जाणारा मनुष्य वस्तुतः आंधळाच चाललेला असतो. एक हरीण रस्ता ओलांडून गेले की "गेलं बाबा" म्हणून वेग वाढवू नये. मागून दुसरे, तिसरे येते. जनावर रस्त्यात उभे राहिलेच तर गाडी थांबवून दिवा खाली पाडावा, भोंगा वाजवावा, त्याला वाट सापडू द्यावी. आणि वाचविण्याच्या घाईत गाडी एकदम बाजूला वळवू नये. झाडावर किंवा दरीत गेलेल्या गाड्यांचे कारण पुष्कळदा हेच असते.

असो. डब्याकडे वळतो.

त्या दिवशी संध्याकाळी मी त्या घरी गेलो. घरधनी पन्नाशीचा, कष्टाळू, सरळ मनुष्य. अंगणात त्याचे वृद्ध वडीलही बसले होते. या म्हाताऱ्यांनी तरुणपणी हाकाऱ्याच्या शिकारी पाहिलेल्या. त्या काळी परवान्याची बंदूक घरोघर नसली तरी वाडीत एखादी असेच, आणि सांबर पडले की बार टाकणाऱ्याचा वाटा, हाकाऱ्यांचा वाटा, ज्याच्या शेतात पडले त्याचा वाटा असे नियमाने वाटप होई. विधवेच्या घरीही वाटा जाई. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ते सारे बंद झाले. परंतु जिभेची आठवण कायद्याने पुसत नाही, आणि वाटपाची रीतही नाही. त्या रात्री चार-पाच घरांत जे वाटे गेले ते त्याच जुन्या रीतीने गेले. माझा डबा हाही एक वाटाच होता.

म्हाताऱ्यांनी मला जो प्रश्न केला तो मी येथे जसाच्या तसा देतो, कारण तो आपल्या पुष्कळांच्या मनात असतो. "फादर, आमी जीव घेतला न्हाई. देवानं दिलेलं अन्न रस्त्यात कुजू द्यायचं, का फॉरेस्टवाल्यांनी डिझेल ओतून जाळायचं? आमच्या पोरास्नी आठ-आठ दिवस डाळीवर दिवस काढावं लागतात."

या प्रश्नाला हसून वाटेला लावणे मला जमले नाही. त्यात तथ्य आहे. परदेशांत काही ठिकाणी असेच मानतात. अमेरिकेच्या मोंटाना राज्याने २०१३ साली रस्त्यात मेलेल्या हरणाचे मांस घरी नेण्यास कायद्याने मुभा दिली. ओरेगॉन राज्यात २०१९ च्या आरंभापासून ती आहे. अलास्कात रस्त्यावर मेलेला मूस नावाचा प्रचंड सांबरवर्गीय पशू सरकारचा मानतात आणि त्याचे मांस धर्मादाय संस्थांना व गरजू कुटुंबांना पोहोचवितात. पण हेही पाहा की ओरेगॉनमध्ये २४ तासांच्या आत परवाना घ्यावा लागतो, संपूर्ण देह उचलावा लागतो, आणि डोके व शिंगे सरकारजमा करावी लागतात. जर्मनीत तर ज्याच्याकडे त्या रानातील शिकारीचा हक्क असेल त्याचेच ते जनावर. मोटारवाल्याने परस्पर गाडीत घातले तर ती चोरटी शिकार ठरते. शिवाय त्या देशांत हरणे विपुल आहेत आणि शिकार नियमाने चालते. अलास्काच्या हिवाळ्यात रात्रभर पडलेले मांस गोठून राहते. आपल्याकडे काय होते?

आपल्याकडे जनावर पडले की धडकेने पोटातील आतडी फुटतात. बाहेरून कातडे शाबूत दिसते, आत विष्ठा व पित्त मांसात मुरते. रक्त काढलेले नसते. उष्ण हवेत जाड कातड्याखालची ऊब तासन् तास उतरत नाही, आणि त्या उबेत जंतू भराभर वाढतात. ते रात्री आठला पडले की पहाटे चारला, हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. आणखी एक गोष्ट. जे जनावर गाडीपुढून पळू शकले नाही ते आधीच आजारी नव्हते कशावरून? गुराढोरांना होणारी फाशी रानातील प्राण्यांनाही होते, आणि तसे जनावर सोलणाऱ्याच्या हातावरील बारीक जखमेतूनही ती माणसाला लागते. थंड होत चाललेल्या देहावरून गोचिडी उतरतात व जवळच्या उबदार अंगावर चढतात. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखलेला माकडताप गोचिडींतूनच पसरतो, आणि अलीकडच्या काळात तो गोव्याच्या सत्तरीपर्यंत व सिंधुदुर्गातील दोडामार्गापर्यंत आला आहे. चांगले शिजविले की सारे जाते, असे म्हणणाऱ्याने लक्षात घ्यावे की सोलणे शिजविण्याच्या आधी असते.

म्हाताऱ्यांना मी हे सांगितले. त्यांना शास्त्राची ओढ आहे म्हणून हेही सांगितले की मोशेच्या नियमात हरीण हे खाण्यास शुद्ध पशूंत गणलेले आहे, पण त्याच अनुवादाच्या पुस्तकात आपोआप मेलेल्या पशूचे मांस खाण्यास इस्राएलाला मनाई आहे. आपण त्या नियमांनी बांधलेले नाही, हे खरे. तथापि ज्या लोकांनी वाळवंटात भूक अनुभवली त्यांनी तो नियम पाळला, हे ऐकून म्हातारे काही वेळ गप्प बसले.

परंतु घरधन्याला हलविले ते कायद्याने. आपला कायदा असा आहे की रानातील पशू मेलेला सापडला, अथवा चुकून मारला गेला, तरी तो सरकारची मालमत्ता होतो. ते ज्याच्या हाती येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्यास कळविले पाहिजे, आणि लेखी परवानगीवाचून ते ठेवणे, दुसऱ्यास देणे, नष्ट करणे यांपैकी काहीही करता येत नाही. मांस, कातडे, शिंग, सारे त्यातच आले. २०२२ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण गुन्ह्याचा दंड २५,००० वरून १ लाख रुपयांपर्यंत चढला आहे. तीन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते, आणि पहिल्या परिशिष्टातील पशू असल्यास किमान तीन वर्षे. हा कायदा कठोर वाटतो. मलाही वाटतो. पण तो तसा का, याचे उत्तर गावातच आहे. "मेलेलंच होतं" एवढे म्हणून सुटता आले असते तर आज आपल्या रानात किती सांबरे 'टेंपोखाली' मेली असती? फासाने मारलेल्या जनावराला रस्त्यावर आणून टाकावयास कितीसा वेळ लागतो?

घरधनी मला म्हणाला, "मग आता डबा पुरून टाकू?" पुरून टाकणे म्हणजे पुरावा नष्ट करणे, एकाचे दोन होतात. ४८ तास अजून उलटले नव्हते. मी त्याला म्हटले, मी बरोबर येतो. तो रात्रभर झोपला नसावा. सोमवारी सकाळी आठ वाजता तो उरलेले मांस पिशवीत आणि शिंगांसकट डोके पोत्यात घेऊन माझ्या फाटकाशी उभा होता. बाकीच्या चार घरांपैकी कोणीही आले नाही. त्यांतील दोन घरे त्यानंतर कित्येक आठवडे माझ्याशी बोलली नाहीत, आणि त्यांचा राग मी समजू शकतो. पाद्रीबाबांनी जेवू घातलेल्या हाताला चावा घेतला, असे एकाने बाजारात म्हटल्याचे कानी आले.

वनखात्याच्या कचेरीत पंचनामा झाला, जबाब झाला. आम्ही नेलेले सारे, माझ्या डब्यासकट, जप्तीच्या यादीत लिहून घेतले. स्वतः होऊन आला याची नोंद अधिकाऱ्यांनी जबाबात केली. प्रकरणाचा निकाल अद्याप लागावयाचा आहे, म्हणून त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. नंतर रस्त्याकडेला टाकलेले अवशेष गोळा करून आमच्या देखत जाळले. म्हातारे हट्टाने आले होते. चितेकडे पाहत ते एवढेच म्हणाले, "एवढं मोठं जनावर, आणि कुत्र्याच्या पण पोटात न्हाई."

त्यांच्या या शब्दांनी मला वेगळ्याच दिशेने विचार करावयास लावले. मांस जाळावे की खावे हा वाद जनावर मेल्यानंतरचा. ते मरू नये म्हणून काय करता येते, हे इतरत्र करून दाखविले आहे. बंडीपूरच्या रानातून जाणाऱ्या महामार्गावर २००९ पासून रात्री नऊ ते पहाटे सहापर्यंत वाहतूक बंद असते. नागपूरहून सिवनीकडे जाणाऱ्या महामार्गावर पेंचच्या रानात रस्ताच उचलून घेतला आहे. खालून जनावरांसाठी नऊ वाटा ठेविल्या आहेत, त्यांतील सर्वांत लांब ७५० मीटरांची. तेथे बसविलेल्या कॅमेऱ्यांत चितळ, रानडुक्कर आणि वाघसुद्धा त्या वाटांनी जाताना टिपले गेले. आपल्या घाटात एवढे होईल तेव्हा होवो. गावाच्या दोन्ही अंगांना वळणांवर गतिरोधक व फलक बसवावेत असा अर्ज आपल्या धर्मग्राम मंडळाने ग्रामपंचायतीकडे दिला आहे. त्यावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांत माझ्याशी न बोलणाऱ्या दोहोंपैकी एका घरची सही आहे.

रस्त्यात जनावर दिसले तर काय करावे, हे थोडक्यात सांगतो. जिवंत पण जखमी असेल तर जवळ जाऊ नये. घाबरलेल्या सांबराची लाथ हाड मोडते. गाडी बाजूला घेऊन दिवे लुकलुकते ठेवावेत, म्हणजे मागची वाहने आदळणार नाहीत. ११२ वर कळवावे. महाराष्ट्राच्या हद्दीत असाल तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. मेलेले असेल तर हात लावू नये, कोणी येईपर्यंत थांबता आले तर थांबावे.

डबा परत मिळालेला नाही. आपल्याकडे आलेला डबा रिकामा परत पाठविण्याची रीत नाही, आणि मावशींना ते फार लागून राहिले होते. नाताळाच्या आदल्या दिवशी त्यांनी बाजारातून तसाच नवा डबा आणला, नेवऱ्यांनी तो काठोकाठ भरला आणि त्याच मुलाच्या हाती सायकलवरून घरी धाडला.