आरोग्यशास्त्राचे शोधनिबंध : दार उघडे आहे, विचारायचे कसे?

आजचे युग हे माहितीचे युग आहे, असे आपण सभा-संमेलनांतून नेहमी ऐकतो. परंतु माहिती जगात कुठेतरी असणे वेगळे आणि गरजेच्या वेळी ती आपल्या हाती येणे वेगळे. वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी अशा शाखांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या बाबतीत हा फरक किती महत्त्वाचा आहे, ते या लेखात सांगण्याचा आम्ही प्रयत्न करणार आहोत.

आम्ही बँकेत कारकून, शिक्षण कला शाखेचे. दवाखान्याशी संबंध आला तो रुग्ण म्हणून किंवा रुग्णाचे नातेवाईक म्हणून. तरीही हा विषय का घेतला, ते आधी सांगितले पाहिजे.

आमची भाची बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रकल्पाचा विषय सिकलसेल. प्रकल्पाला पंधरा संदर्भ हवेत, असे कॉलेजने सांगितले. ते कुठून आणावेत हे कुणी सांगितले नाही. एका मैत्रिणीने मोबाईलवरच्या एआयला विचारून यादी करून दिली. लेखकांची नावे, जर्नलचे नाव, वर्ष, पानांचे आकडे, सगळे अगदी व्यवस्थित होते. मार्गदर्शक बाईंनी त्यांपैकी दोन लेख आणून दाखवायला सांगितले आणि पंचाईत झाली. ते लेख कुठेच नव्हते, कारण ते कुणी लिहिलेच नव्हते. तिसरा लेख खरा निघाला, पण तो वाचायचे प्रकाशक ३५ डॉलर मागत होता. "मामा, तीन हजार रुपये भरायचे का हो?" असे तिने विचारले, तेव्हा आम्हालाही उत्तर देता येईना. त्या घरात कॉलेजात गेलेली ती पहिलीच मुलगी. तिने विचारायचे तरी कुणाला? पुढे एका ग्रंथपाल स्नेह्यांनी आम्हा दोघांना बसवून जे समजावून दिले, त्याचाच सारांश येथे देत आहोत.

सूचीची गरज का पडली?

जगभरात हजारो वैद्यकीय नियतकालिके निघतात. कोणता लेख कोणत्या अंकात आहे, हे कळण्यासाठी सूची लागते. अमेरिकेच्या लष्करातील शल्यचिकित्सक जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली 'इंडेक्स मेडिकस' नावाची अशी सूची सुरू केली. एखाद्या रोगावर काय लिहिले गेले हे पाहायचे, तर तिचे जाडजूड खंड एकेक करून चाळावे लागत. १९६४ साली हे काम संगणकावर गेले आणि १९७१ मध्ये 'मेडलाइन' या नावाने ती सूची दूरवरून संगणकाद्वारे पाहता येऊ लागली. मात्र त्यासाठी पैसे पडत आणि शोधायला प्रशिक्षित ग्रंथपाल लागत असे.

मोठा बदल झाला तो जून १९९७ मध्ये. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने 'पबमेड' हा डेटाबेस इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत खुला केला. आज त्यात ३ कोटी ७० लाखांहून अधिक नोंदी आहेत. छापील 'इंडेक्स मेडिकस' २००४ अखेर बंद झाला. नागपूरच्या वसतिगृहातील मुलगी आणि लंडनच्या इस्पितळातील डॉक्टर आज तीच सूची पाहतात. तिला वर्गणी नाही, ओळखपत्र लागत नाही, कुणाची शिफारस लागत नाही.

न शोधल्याची किंमत

हे सर्व प्रकल्पाच्या गुणांपुरतेच आहे, असे कुणी समजू नये. गर्भवतीला दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या, तर तिला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्याने बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी यांनी याची चाचणी १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. १९९१ पर्यंत आणखी सात चाचण्या प्रसिद्ध झाल्या. सर्व एकत्र मांडल्यावर दिसले, की या स्वस्त उपायाने अशा बाळांच्या मृत्यूची शक्यता ३० ते ५० टक्क्यांनी कमी होते. पण १९८९ पर्यंत त्या कुणी पद्धतशीरपणे एकत्र मांडल्याच नव्हत्या. बहुतेक प्रसूतितज्ज्ञांना हा उपाय इतका गुणकारी आहे याची कल्पना नव्हती. वाचू शकली असती अशी हजारो बाळे त्या काळात दगावली. पुरावा छापलेला होता. तो गोळा झालेला नव्हता.

अशा विखुरलेल्या चाचण्या एकत्र करून त्यांची छाननी झाली पाहिजे, असा आग्रह ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रेन यांनी धरला होता. त्यांच्या नावाने १९९३ साली ऑक्सफर्ड येथे संस्था उभी राहिली. तिच्या बोधचिन्हात याच चाचण्यांच्या आडव्या रेघा काढलेल्या आहेत. 'कॉक्रेन लायब्ररी'त एकेका प्रश्नावरील सर्व चाचण्यांचा एकत्रित आढावा मिळतो. साध्या भाषेतील त्याचा सारांश कुणालाही मोफत वाचता येतो. म्हणून विद्यार्थ्याने आधी येथे आढावा आहे का ते पाहावे आणि मग सुट्या लेखांकडे वळावे.

शोधावे कसे?

भाचीचेच उदाहरण घेऊ. आपल्या विदर्भात आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांत सिकलसेल आढळतो, हे आपण जाणतोच. तिने आधी नुसते 'सिकल सेल' असे टाकले, तर हजारो नोंदी समोर आल्या. ग्रंथपाल म्हणाले, "प्रश्न नीट नसेल तर उत्तर नीट कसे मिळेल?" त्यांनी प्रश्नाचे चार भाग करायला सांगितले. रुग्ण कोण? उपाय कोणता? तुलना कशाशी? आणि कोणता परिणाम पाहायचा? मग प्रश्न असा झाला : सिकलसेल असलेल्या लहान मुलांना हायड्रॉक्सीयुरिया हे औषध दिले, तर ते न दिलेल्या मुलांच्या तुलनेत वेदनेचे झटके कमी होतात काय?

शब्द अर्थातच इंग्रजीत टाकावे लागतात. दोन्ही गोष्टी एकाच लेखात हव्या असतील, तर मध्ये 'अँड' लिहावे. दोनपैकी कोणताही शब्द चालणार असेल, तर 'ऑर' लिहावे. हे जोडशब्द कॅपिटल अक्षरांत लिहायचे असतात.

दुसरी गोष्ट विषयशीर्षकांची. एकाच रोगाला कुणी 'हार्ट अटॅक' म्हणतो, तर कुणी 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'. म्हणून ग्रंथालयाने १९६० पासून ठराविक शीर्षकांची यादी ठेवली आहे. तिला 'मेश' म्हणतात. लेखकाने शब्द कोणताही वापरलेला असो, नोंद त्या ठराविक शीर्षकाखाली होते. सिकलसेलसाठी ते 'अ‍ॅनिमिया, सिकल सेल' असे आहे. मात्र अगदी ताज्या लेखांना, तसेच पबमेडमधील काही नोंदींना हे शीर्षक लागलेले नसते. त्यामुळे शीर्षक आणि साधे शब्द अशा दोन्ही प्रकारे शोध घ्यावा.

या रीतीने शोधल्यावर भाचीला काय मिळाले पाहा. नागपूर भागातील सिकलसेलवर शुक्ला व सोळंकी यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये १९५८ सालीच आला होता. हायड्रॉक्सीयुरियाने प्रौढ रुग्णांचे वेदनेचे झटके जवळजवळ निम्मे झाले, असा अमेरिकेतील मोठ्या चाचणीचा निष्कर्ष १९९५ चा. आणि दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम अशा कमी मात्रेनेही भारतीय मुलांना लाभ होतो, हे दाखवणारा नागपूरच्या डॉक्टरांचा लेख २०१२ चा. आपल्याच शहरातील काम जगाच्या सूचीत पाहून तिला फार हुरूप आला. (औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे असते, हे वेगळे सांगायला नको.)

चार सावधगिरीच्या गोष्टी

१) पबमेडमध्ये बहुधा लेखाचा सारांश असतो, पूर्ण लेख नव्हे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ते लेजर आहे, व्हाउचर नव्हे. लेजरमधील नोंदीवर शंका आली की आम्ही व्हाउचर काढून पाहतो. तसेच संदर्भ देण्यापूर्वी मूळ लेख वाचलाच पाहिजे.

२) एकाच ठिकाणी शोधून थांबू नये. २००१ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे दम्याच्या एका प्रयोगात हेक्झामेथोनियम हे रसायन हुंगल्यामुळे २४ वर्षांची निरोगी स्वयंसेविका मरण पावली. संशोधकाने पबमेड पाहिले होते. पण तेव्हा त्यातील नोंदी १९६६ पासूनच्या होत्या. फुप्फुसांना होणाऱ्या अपायाचे लेख १९५० च्या दशकातील होते. नर्सिंगसाठी 'सिनाल' हा वेगळा डेटाबेस आहे, औषधांसाठी 'एम्बेस' आहे. हे दोन्ही सशुल्क असल्याने कॉलेजच्या ग्रंथालयात विचारावे. भारतात चाललेल्या चाचण्यांची नोंद २००७ पासून 'सीटीआरआय' या नोंदवहीत मोफत पाहता येते.

३) लेख मागे घेतलेला नाही ना, ते पाहावे. गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा १२ मुलांवरील लेख 'लॅन्सेट'ने १९९८ मध्ये छापला आणि २०१० मध्ये मागे घेतला. पबमेडमध्ये अशा लेखावर तशी स्पष्ट खूण असते. तरी अजूनही लोक त्याचा दाखला देतात!

४) एआयने दिलेला प्रत्येक संदर्भ पबमेडमध्ये ताडून पाहावा. नाव सापडले नाही, तर तो लिहू नये.

पूर्ण लेख पैशाविना कसा मिळवावा?

पहिला मार्ग 'पबमेड सेंट्रल'. २००० साली सुरू झालेल्या या भांडारात एक कोटीहून अधिक पूर्ण लेख मोफत आहेत. पबमेडमध्ये शोधतानाच 'फ्री फुल टेक्स्ट' या खुणेवर बोट ठेवले की तेवढेच लेख समोर येतात. दुसरा मार्ग कॉलेजच्या ग्रंथालयाचा. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी तिला ६ हजार कोटी रुपये दिले आहेत. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके शासकीय उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना तिच्यातून वाचता येतात. शासकीय कॉलेजात शिकणाऱ्याने आपला प्रवेश सुरू झाला आहे की नाही, हे ग्रंथपालांना जरूर विचारावे. खासगी कॉलेजातील मुलांना मात्र ही सोय पहिल्या टप्प्यात नाही, आणि आपली बरीच मुले तिथेच शिकतात, ही खंत आहे. त्यांच्यासाठी तिसरा मार्ग : लेखकाचा ई-मेल बहुतेक वेळा लेखातच दिलेला असतो. त्यावर नम्रपणे चार ओळी लिहाव्यात. भाचीने त्या ३५ डॉलरच्या लेखासाठी तसेच केले. पाचव्या दिवशी लेख आला, सोबत शुभेच्छाही आल्या.

असो. सांगण्याचे तात्पर्य इतकेच, की हे दार १९९७ पासून उघडे आहे. आपल्या मुलांना पैशाअभावी बाहेर थांबावे लागते असे आपण धरून चालतो. पुष्कळदा ती थांबतात, कारण दार आहे हेच त्यांना कुणी सांगितलेले नसते. संस्थेच्या सभासदांना आमची विनंती आहे, की आपल्या अभ्यासिकेतील एक संगणक या कामासाठी राखून ठेवावा आणि आरोग्यशाखेतील थोरल्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून एका रविवारी धाकट्यांना शोध घेणे शिकवावे. खर्च काहीच नाही. आमची भाची आता एका रुग्णालयात नोकरीला आहे. पहिल्या रविवारी शिकवायला येण्याचे तिने कबूल केले आहे.