फोटो यंत्राला, पण बेट आपल्या डोळ्यांनी



पांढरट पडलेला खोडवा दाखवून ‘साहेब, हिराकस मारू का?’ असा सवाल आम्हांला दर हंगामात ऐकावा लागतो. सवाल साधा, पण उत्तर चुकले तर महागात जाते. लोहाची कमतरता असेल तर हिराकसाच्या फवारणीने पाने हिरवी होतात. गवताळ वाढ असेल तर तो खर्च वाया. बेट मुळासकट उपटून नष्टच करावे लागते. नाहीतर त्याच बेण्यातून रोग पुढच्या लागणीत जातो.

म्हणून शेतकी विभागाने यंदा फोटोवरून ओळख पटवणाऱ्या क्लाउड सेवेचा प्रयोग हाती घेतला आहे. क्लाउड म्हणजे दूरवरच्या कंपनीचे मोठे संगणक. ते आपण इंटरनेटवरून भाड्याने वापरायचे. गूगलने अशी सेवा २०१५ साली, अ‍ॅमेझॉनने २०१६ साली जाहीर केली. फोटो पाठवला की नाव येते, सोबत खात्रीचा आकडा. आकार वापराप्रमाणे पडतो, तेव्हा दर आधी पाहून घ्यावेत.

आम्ही पहिला फोटो पाठवला आणि उत्तर आले, ‘गवत’! खोटे नाही, ऊस गवताच्याच कुळातला. पण त्याने आपले काम होत नाही. आपले रोग यंत्राला शिकवावे लागतात.

त्यासाठी निरोगी, लोह कमतरता, गवताळ वाढ, चाबूक काणी असे फोटोंचे वेगवेगळे गठ्ठे करायचे. नाव फिल्डमनने बेटाजवळ उभे राहून, खात्री करूनच द्यायचे. चुकीचे नाव दिले की यंत्र चूकच शिकते. नुसते पान नको, पूर्ण बेट हवे. बारीक, गवतासारखे पुष्कळ फुटवे हीच गवताळ वाढीची खूण. सकाळचे, दुपारचे, लहान-मोठ्या उसाचे फोटो घ्यावेत. काही फोटो न शिकवता बाजूला ठेवावेत. शिकवलेलेच विचारले तर ते पाठांतर झाले, परीक्षा नव्हे.

आणखी एक. न शिकवलेला रोग दाखवला, तरी यंत्र माहितीतलेच एखादे नाव ठोकून देते, तेही मोठ्या आकड्यानिशी. २००२ साली लोकरी मावा आला, तसे नवे संकट शिवारात फिरणाऱ्यालाच आधी दिसणार.

तेव्हा सभासदांनी फोटो गट कार्यालयात जरूर द्यावेत. मात्र पंप पाठीवर घेण्यापूर्वी किंवा बेट उपटण्यापूर्वी फिल्डमनला बांधावर बोलवावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी